परमुलुखात कामाला जाताना: बेळगावकडच्या कामगारानं आपला हक्क कसा चालवायचा

“एजंट पासपोर्ट मागूलालाय, देऊ काय?”

हा प्रश्न मला वर्षातून दहा-पंधरा वेळा तरी ऐकायला मिळतो. मी वकील नाही. खानापूर आणि बेळगावकडच्या कामकरी लोकांचे अर्ज लिहून देतो, एवढाच माझा या विषयाशी संबंध. पासपोर्टबद्दल विचारणारा गल्फला निघालेला असतो. त्याच्याच गल्लीतला गवंडी चोर्ला घाट उतरून गोव्याला जातो, त्याचा प्रश्न असा: ठेकेदारानं दोन महिन्यांचा पगार अडकवलाय, काम सोडलं तर बुडणार काय? आणि अथणीकडे उसाच्या फडात आलेल्या बीडच्या जोडप्याचा प्रश्न असा: उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, फिटल्याशिवाय मुकादम गावी जाऊ देत नाही, करायचं काय?

तिघांचं दुखणं एकच आहे. धरलेलं काम सोडून निघता येतं की नाही? आंतरराष्ट्रीय कायद्यात ज्याला ‘कामाचा हक्क’ म्हणतात, त्याचं सगळ्यात उपयोगी टोक हेच आहे, आणि आपल्याकडे नेमकं तेच कुणी सांगत नाही. म्हणून हा लेख त्या टोकाकडून लिहिला आहे.

हक्क कसला, आणि कसला नाही

१९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचं कलम २३ प्रत्येक माणसाला काम, कामाची मोकळी निवड, समान कामाला समान वेतन आणि संघटना करायचा हक्क देतं. जाहीरनामा कुणावर बंधनकारक नव्हता, म्हणून १९६६ साली आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांचा करार झाला. भारत १० एप्रिल १९७९ रोजी त्यात सामील झाला. त्याचं कलम ६ सांगतं की आपण मोकळेपणानं निवडलेल्या किंवा पत्करलेल्या कामावर पोट भरायची संधी प्रत्येकाला मिळाली पाहिजे. कलम ७ मध्ये वाजवी मजुरी, सुरक्षित जागा, विश्रांती आणि पगारी सुट्टी येते.

सरकार तुम्हाला नोकरी देईल, असं त्यात कुठंही लिहिलेलं नाही. हे सांगितलं की समोरच्याचं तोंड उतरतं. पण ‘मोकळेपणानं’ हा शब्द सोडू नका. मोकळेपणानं धरलेलं काम मोकळेपणानं सोडताही येतं. जे काम सोडता येत नाही ती वेठबिगारी, आणि तिच्याविरुद्ध १९३० सालचा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा करार क्रमांक २९ आहे. भारतानं तो १९५४ मध्ये मंजूर केला, आणि सौदी, अमिराती, कतार, कुवेत, ओमान, बहरीन या सहाही आखाती देशांनी केलेला आहे. सक्तीचं काम ओळखायच्या ११ खुणा या संघटनेनं दिल्या आहेत. त्यातल्या चार आपल्या लोकांना तोंडपाठ हव्यात: ओळखीचे कागद काढून घेणं, मजुरी रोखून धरणं, कर्जात अडकवणं, आणि जाण्या-येण्यावर बंदी. एखादी खूण दिसली की लगेच खटला उभा राहत नाही, पण दोन-तीन एकत्र दिसल्या तर ‘असंच चालतं’ म्हणून गप्प बसायचं कारण उरत नाही.

हे करार हातात घेऊन थेट कोर्टात उभं राहता येत नाही, हेही खरं. पण पूल आहेत. आपल्या राज्यघटनेचं कलम २३ वेठबिगारीला बंदी घालतं. १९८२ साली दिल्लीतल्या एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणं हीसुद्धा सक्तीची मजुरीच. शिवाय १९९३ च्या मानवी हक्क संरक्षण कायद्यात ‘मानवी हक्क’ या शब्दाच्या व्याख्येतच आंतरराष्ट्रीय करारांतले, आपल्या न्यायालयांना बजावता येणारे हक्क धरले आहेत. जिनिव्हात कोरलेलं अक्षर बेळगावच्या कचेरीत चालतं ते या वाटेनं.

पायरी पहिली: तुम्ही कोण, हे आधी ठरवा

सीमाभागात हा घोळ सगळ्यात मोठा. निपाणीचा माणूस कोल्हापुरात कामाला गेला तर भाषा तीच, पाहुणे तेच, तरी कायद्याच्या लेखी तो दुसऱ्या राज्यातून आलेला कामगार. तोच बेळगावात राहिला तर कागदावर स्थानिक, पण कन्नड लिहिता येत नाही म्हणून काही ठिकाणी परका.

जुलै २०२४ मध्ये कर्नाटकच्या मंत्रिमंडळानं खासगी उद्योगांत स्थानिकांना व्यवस्थापनात ५० टक्के आणि इतर कामांत ७० टक्के राखीव जागा देणारं विधेयक मंजूर केलं, तेव्हा ‘स्थानिक’ ठरायला कन्नड बोलता, वाचता, लिहिता येण्याची अट होती. गदारोळ झाला आणि ते काही दिवसांतच थांबवलं गेलं. इथंच जन्मलेल्या, इथंच घरपट्टी भरणाऱ्या मराठी पोरांचं काय, हा प्रश्न मात्र तसाच आहे. कामाच्या हक्कात भाषेवरून भेद करू नये असं १९६६ च्या कराराचं कलम २ सांगतं. हरियाणाचा ७५ टक्क्यांचा कायदा पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२३ मध्ये रद्द केला, हेही लक्षात असू द्या. (महाराष्ट्रातही स्थानिकांना ८० टक्के रोजगाराचं धोरण आहे. तिकडे जाणाऱ्यांनी फार हुरळून जाऊ नये.)

तर ठरवायचं असं. तुम्ही गोवा, पुणे, कोल्हापूरला जात असाल तर तुम्ही भारताचे नागरिक आहात. कुठंही जाणं, राहणं आणि काम करणं हा घटनेच्या कलम १९ चा हक्क. स्थलांतरित कामगारांसाठीचा संयुक्त राष्ट्रांचा १९९० चा वेगळा करार तुम्हाला लागू नाही, कारण तो परदेशात काम करणाऱ्यांपुरता आहे. गल्फला जात असाल तर तुम्ही त्या कराराच्या व्याख्येत बसता, पण भारतानं तो मंजूर केलेला नाही आणि एकाही आखाती देशानं केलेला नाही. म्हणजे त्याचा आधार नैतिक. प्रत्यक्ष भांडण त्या देशाचा कामगार कायदा, तुमचा करारनामा आणि भारताचा १९८३ चा उत्प्रवास (परदेशी कामाला जाण्याबद्दलचा) कायदा या तिघांवर लढायचं.

पायरी दुसरी: घाट उतरण्याआधी

गोव्याला किंवा पुण्याला जाणाऱ्यानं चार गोष्टी करायच्या. ई-श्रम, म्हणजे असंघटित कामगारांची सरकारी नोंदणी करा, बारा आकडी क्रमांक मिळतो. बांधकामात असाल तर कल्याण मंडळाचं कार्ड काढा. त्यासाठी वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि तो ठेकेदाराकडून काम चालू असतानाच घ्यायचा, नंतर तो फोन उचलत नाही. रेशनकार्ड आधारला जोडलेलं असेल तर धान्य दुसऱ्या राज्यातही मिळतं. चौथी गोष्ट म्हणजे वही.

वहीबद्दल जरा जास्त बोलतो, कारण माझ्या अनुभवात सगळं तिच्यावर अडतं. खानापूर तालुक्यातला एक गवंडी माझ्याकडे आला होता. ठेकेदार म्हणत होता, हा माणूस माझ्याकडे कधी नव्हताच. याच्याकडे नेमणूकपत्र नव्हतं, पगारपत्रक नव्हतं. पण खिशात तंबाखूच्या पुडीबरोबर एक छोटी वही होती. तारीख, कुठल्या साइटवर, किती तास, त्या दिवशी किती उचलले, असं सगळं पेन्सिलीनं. एका पानावर तर ‘स्लॅब, रात्री ११ पर्यंत, पाऊस’ एवढंच. ती वही आणि बरोबरच्या दोघांचे जबाब एवढ्यावर पैसे निघाले. सगळे नाही निघाले, पण निघाले.

आता वहीच्या जोडीला मोबाइल आहे. आठवड्याला एकदा ठेकेदाराला व्हॉट्सॲपवर लिहा: ‘आज १२ तारीख, सहा दिवस भरले, ३,००० मिळाले, बाकी राहिले.’ तो ‘हो’ म्हणाला तर उत्तम. गप्प राहिला तरी तारखेसह कागद तयार झाला. पैसे जमतील तेवढे खात्यावर किंवा यूपीआयनं मागा. साइटवरच्या पाटीचा फोटो काढून ठेवा, कारण मूळ मालक कोण हे पुढं शोधावं लागतं.

मूळ मालक का? ठेकेदारानं मजुरी बुडवली तर ती द्यायची जबाबदारी मूळ मालकावर येते. हे जुन्या कायद्यातही होतं आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या चार कामगार संहितांतही आहे. १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा आता त्या संहितांत विरघळला आहे. त्यातून काही मिळालं, काही गेलं. आता स्वतःच्या पायानं आलेला, मुकादमाशिवायचा कामगारही ‘आंतरराज्य स्थलांतरित’ धरला जातो, पगार महिना १८,००० रुपयांपर्यंत असेल तर. वर्षातून एकदा गावी जाऊन यायचं भाडं मालकानं द्यायचं. नेमणूकपत्र देणं सक्तीचं झालं. पण पूर्वी असे पाच कामगार असले की कायदा लागू व्हायचा, आता दहा लागतात. आपल्याकडची माणसं चार-सहाच्या टोळीनं जातात, त्यामुळे हा बदल मला तरी बरा वाटत नाही. टोळी लहान असली तरी वेतनाचे नियम मात्र लागू होतातच.

ते नियम असे. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत. जादा कामाला दुप्पट दर. किमान वेतन ज्या राज्यात काम करता त्या राज्याचं, गावाकडचं नव्हे. आणि आपल्या मूळ प्रश्नाचं उत्तर: काम सोडलं किंवा काढून टाकलं, तरी दोन कामकाजी दिवसांत सगळा हिशेब चुकता व्हायला हवा. म्हणजे ‘सोडलंस तर बुडाले’ ही धमकी कायद्यात कुठंच बसत नाही. मागणी करायला तीन वर्षांची मुदत आहे, पण तीन वर्षं थांबू नका. साइट संपते, ठेकेदाराचा नंबर बदलतो.

उचलीबद्दल

उचल घेणं गुन्हा नाही. ऊसतोड, वीटभट्टी ही सगळी कामं उचलीवरच चालतात, एका कोयत्यामागं, म्हणजे तोडणीच्या एका जोडप्यामागं, ठरलेली रक्कम असते. गडबड होते ती उचल आणि माणूस एकाच गाठीत बांधले जातात तेव्हा. उचलीपायी जाऊ दिलं नाही, दुसरीकडे काम धरू दिलं नाही, किंवा किमान वेतनापेक्षा कमी दिलं, की १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा लागतो. त्या कायद्यानं वेठबिगारीचं कर्ज आपोआप संपतं. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे करायचा, आपल्याकडच्या भाषेत डीसी ऑफिसला, आणि तो कामगाराच्या वतीनं दुसरं कुणीही करू शकतं. सुटकेचा दाखला हातात पडल्याशिवाय जागा सोडू नका. पुनर्वसनाची मदत त्या दाखल्यावर चालते.

उचल घेताना आकडा, तारीख आणि कापायचा दर एका कागदावर लिहून घ्या, आणि कोऱ्या कागदावर अंगठा नको. हे ऐकून मुकादम हसतात. हसू द्या.

गल्फला जाणाऱ्यांनी

आता पासपोर्टाचं उत्तर. पासपोर्ट तुमच्या खिशात असला तरी १९६७ च्या पासपोर्ट कायद्यानुसार तो केंद्र सरकारच्या मालकीचा असतो. एजंटाला किंवा कफीलला (तिथल्या मालकाला, ज्याच्या नावावर व्हिसा असतो) तो तारण म्हणून ठेवून घ्यायचा अधिकार नाही. व्हिसा मारायला द्यावा लागतो, तेव्हा पोच घ्या आणि पहिल्या व शेवटच्या पानाची प्रत घरी ठेवा.

दहावी पास नसेल तर पासपोर्टावर ‘ईसीआर’ नोंद असते. अशा माणसाला अठरा देशांत कामाला जायला उत्प्रवास संरक्षकाची मंजुरी लागते. आपल्यासाठी ते कार्यालय बेंगळुरूला आहे, आणि काम सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवरून होतं. ही मंजुरी चुकवायला एजंट पर्यटक व्हिसावर पाठवतात, नाहीतर ‘आझाद व्हिसा’ विकतात: कागदावर एक कफील, काम भलत्याकडेच. असा माणूस उतरल्या क्षणापासून बेकायदा ठरतो, आणि मग त्याला कुणीही दमात घेतं. यात पडू नका. दूतावास मदत करतो, पण त्याचेही हात बांधलेले राहतात.

एजंटाचं लायसन्स ई-मायग्रेटवर तपासा. मुंबईच्या मोठ्या ऑफिसचं नाव सांगत गावात फिरणारा सबएजंट स्वतः परवानाधारक नसतो. अधिकृत एजंटाला कामगाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी घेता येतो. दीड-दोन लाख मागत असेल तर तिथंच समजा. विनापरवाना भरतीला मूळ कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजार रुपयांपर्यंत दंड आहे. दोन हजार! एजंटाचा एका दिवसाचा चहापाण्याचा खर्च. म्हणून फक्त या कायद्यावर विसंबू नका, पोलिसांत फसवणुकीचीही तक्रार द्या.

प्रवासी भारतीय विमा योजना घ्या. दोन वर्षांना २७५, तीन वर्षांना ३७५ रुपये, आणि अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वाला १० लाखांचं संरक्षण.

निघण्याआधी करारनाम्याच्या प्रत्येक पानाचा फोटो घरच्यांकडे पाठवून ठेवा. तिथं उतरल्यावर अरबीत दुसराच करार पुढं येतो, पगार कमी, काम वेगळं. सही करण्याआधी जुन्याचा फोटो दाखवा. सही करावीच लागली तर त्याच दिवशी घरी कळवा.

आणि तिथून सुटायचं कसं? रागानं निघून जाऊ नका. मालकानं ‘हुरूब’ची, म्हणजे पळून गेल्याची तक्रार टाकली की इकामा (तिथला राहण्याचा परवाना) अडकतो आणि तुमची बाजू पडते. कतारनं २०२० मध्ये मालकाच्या ना-हरकतीशिवाय नोकरी बदलायची मुभा दिली, मार्च २०२१ पासून महिना १,००० रियाल किमान वेतन केलं; सौदीनंही २०२१ मध्ये काही वाटा मोकळ्या केल्या. घरकामाला जाणाऱ्यांना हे बदल सगळीकडे सारखे लागू नाहीत, म्हणून त्यांची काळजी जास्त घ्यावी लागते. आधी त्या देशाच्या कामगार खात्यात तक्रार, तिचा क्रमांक, मग दूतावास. गावाकडून बायको किंवा भाऊ परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार टाकू शकतो. प्रवासी भारतीय साहाय्यता केंद्राचा भारतातून फुकट नंबर १८०० ११ ३०९०. अडकलेल्याचं तिकीट, तात्पुरता निवारा यासाठी दूतावासांकडे २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. तो मागावा लागतो, कुणी आपणहून देत नाही.

आपल्याकडे आलेले

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीत उत्तरेकडून आलेली पोरं काम करतात. भाड्यानं खोली देताना, दुकानात उधारी लिहिताना आपण त्यांना काय म्हणतो, ते आठवून बघा. वर लिहिलेलं सगळं त्यांनाही लागू आहे. पगार अडकला तर त्यांना कामगार निरीक्षकाचं ऑफिस दाखवा, एवढं तरी जमेल.

अर्ज कुठं, कसा

मजुरीची तक्रार कामाच्या जागेच्या कामगार खात्यात जाते. गोव्यातलं काम असेल तर गोव्यात. तरी सुरुवात बेळगावातून करता येते: न्यायालयाच्या आवारात जिल्हा कायदा सेवा प्राधिकरण असतं, फोन १५१००. औद्योगिक कामगार, स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती आणि वेठबिगारीचे बळी यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. लोकांना हे माहीत नसतं आणि ते व्याजानं पैसे काढून वकील करतात.

भाषेचं. मराठीत लिहिलेला अर्ज एका कचेरीत माझ्या तोंडावर परत केला होता. तेव्हा मला घटनेचं कलम ३५० माहीत नव्हतं. त्यानुसार केंद्रात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत कुणालाही तक्रार-अर्ज देता येतो. आता मी अर्जाच्या खाली ते कलम लिहितो. पण खरं सांगू? पगार अडकलेला असताना भाषेची लढाई त्याच टेबलावर लढू नये. मराठी अर्जाला विषय, रक्कम आणि ठेकेदाराचं नाव कन्नडमध्ये जोडून द्या. साहेबाला वाचता आलं की कागद पुढं सरकतो.

राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे तक्रार फुकट करता येते, ऑनलाइनही, आणि आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत, म्हणजे मराठीतसुद्धा. प्रकार घडल्यापासून एका वर्षाच्या आत करावी लागते. सक्तीचं काम, डांबून ठेवणं, पोलिसांनी तक्रार न घेणं अशा बाबींना ती योग्य. नुसत्या थकलेल्या पगारासाठी आधी कामगार खातंच. संयुक्त राष्ट्रांकडे १९६६ च्या कराराखाली वैयक्तिक तक्रार करता येत नाही, कारण त्यासाठीचा जोडकरार भारतानं स्वीकारलेला नाही.

अर्ज एका पानाचा असावा. मी असा लिहितो:

‘मी अमुक गावचा, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अमुक साइटवर अमुक ठेकेदाराकडे गवंडीकाम केलं. मूळ मालक अमुक. रोज इतके ठरले होते. एकूण इतके दिवस भरले, इतके मिळाले, इतके बाकी. अमुक तारखेला काम सोडलं, दोन कामकाजी दिवसांत हिशेब मिळाला नाही. माझं आधार कार्ड ठेकेदाराकडे आहे, ते परत मिळावं. हजेरीवहीच्या प्रती, मेसेज आणि दोन साक्षीदारांची नावं सोबत.’

रागाचं वाक्य एकही नको. ते मनात ठेवा. दोन प्रती काढा. एक आत द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. शिक्का मारायला नकार दिला तर भांडू नका, पोस्टात जा आणि पोचपावतीच्या रजिस्टरनं पाठवा. तीस दिवसांत काही हललं नाही, तर त्या पावतीचा क्रमांक घालून माहिती अधिकारात विचारा: माझ्या अर्जावर काय केलं, कुणी केलं, कधी केलं.